कमी दाब ओडिशात, पाऊस आपल्या घाटात : हवेचा दाब, वारे आणि ऊस



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, बंगालच्या उपसागरात कमी दाब झालाय म्हणतात, मग आमच्या फडाचं कसं करायचं?” कोणी म्हणतो तोड आधी द्या, कोणी म्हणतो आता पाण्याची पाळी घेत नाही. आणि मग पाऊस आलाच नाही की हवामान खात्याच्या नावाने बोटे मोडायची, किंवा नको तेव्हा आला की कपाळाला हात लावायचा. कमी दाब म्हणजे पाऊस, एवढे आपल्या सर्वांना ऐकून माहीत झाले आहे. पण कोणाच्या रानात पाऊस, हे त्या दाबाच्या जागेवर आणि वाऱ्याच्या दिशेवर ठरते. हे एकदा नीट समजले तर बातमीतला कमी दाब आपल्या कामाचा आहे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल. म्हणून हा लेख.

हवेला वजन आहे, यावर सहसा आपला विश्वास बसत नाही, कारण ते जाणवत नाही. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो हवेचे ओझे असते. आपला भाग समुद्रापासून साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर उंच आहे, म्हणून येथे ते थोडे कमी. तरी हिशेब केला तर एका गुंठ्यावर जवळजवळ हजार टन हवा उभी असते. आपण एकरी शंभर टन उसाचे स्वप्न बघतो आणि हजार टन माल गुंठ्यावर फुकट उभा आहे!

या ओझ्याची ओळख आपल्याला विहिरीवर फार दिवसांपासून आहे. काठावर बसवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. खरे तर पंप फक्त नळीतली हवा काढतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाणी नळीत वर ढकलते. ती ढकलून ढकलून जास्तीत जास्त सुमारे १० मीटर ढकलणार. प्रत्यक्षात घर्षण, फूटव्हॉल्व्ह, गळती धरून २०-२२ फुटांच्या खाली पाणी गेले की पंप खाली उतरवावा लागतो, हे कोणाला सांगायला नको. इटलीतल्या टॉरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास याच कोड्याचा पिच्छा पुरवला. पाण्याऐवजी जड पारा घेतला, तर हवेने तो फक्त ७६ सेंटिमीटर उचलून धरला. तोच पहिला वायुभारमापक. आता हा दाब मिलिबार किंवा हेक्टोपास्कल या मापात सांगतात. दोन्ही माप एकच, नावे दोन. समुद्रसपाटीचा सरासरी दाब १०१३ धरतात.

वारा का सुटतो आणि वळतो का

जमीन तापली की वरची हवा तापते, फुगते, हलकी होते आणि तेथला दाब उतरतो. शेजारी गार, जड हवा असते तेथे दाब जास्त. सरीतले पाणी जसे वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला जाते, तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते. हाच वारा.

पण पाण्यासारखी ती सरळ जात नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात लांब पल्ल्याचा वारा उजवीकडे वळतो. परिणामी कमी दाबाच्या जागेत वारा थेट न घुसता तिच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत आत येतो. हॉलंडच्या बाइस बॅलट याने १८५७ साली यावरून एक साधा नियम सांगितला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. जमिनीलगत तो जरा डाव्या-पुढच्या अंगाला धरावा. यंत्र नको, मोबाईल नको. फक्त गावातल्या घरांच्या आडोशाचा किंवा डोंगरखिंडीतला वारा धरू नये. उघड्या माळावर उभे राहून ढग कोणीकडून कोणीकडे चालले आहेत ते पाहावे.

कमी दाबात चहूकडून आलेल्या हवेला जायला जागा एकच, वर. वर गेलेली हवा विरळ होते, फुगते आणि गार होते. कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने गार होते. गार हवेत बाष्प मावत नाही, त्याचे ढग आणि पुढे पाऊस होतो. जास्त दाबात याच्या उलट. हवा वरून खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते ना, तसेच. तापलेल्या हवेत ढग विरतात आणि आकाश निरभ्र राहते.

येथे एक खबरदारी सांगतो, कारण हल्ली काही तरुण सभासद मोबाईलवर दाबाचा आकडा बघतात. आपल्या पट्ट्यात दाब रोज आपोआप वरखाली होतो. सकाळी १० आणि रात्री १० च्या सुमारास जास्त, पहाटे ४ आणि दुपारी ४ च्या सुमारास कमी. हा रोजचा फरकच ३-४ मिलिबारचा आहे, आणि पावसाळ्यातला एखादा कमी दाब आसपासच्या हवेपेक्षा तेवढाच खोल असतो. म्हणजे सकाळचा आकडा बघून दुपारी “दाब उतरला, आता पाऊस” असे म्हणणारा रोजच फसणार. कालच्या १० वाजताशी आजच्या १० वाजताची तुलना करावी. विलायती घड्याळासारख्या दाबमापकाच्या तबकडीवर ‘पाऊस’, ‘कोरडे’ असे लिहिलेले असते, ते तिकडच्या हवेसाठी ठीक आहे.

हवेचे मूळ गाव

दाबाबरोबर दुसरी गोष्ट म्हणजे वारा कोठली हवा घेऊन येतो. हवा एखाद्या मोठ्या प्रदेशावर दिवसेंदिवस पडून राहिली की त्या प्रदेशाचा गुण घेते. समुद्रावरची दमट, वाळवंटावरची कोरडी. अशा हजारो चौरस किलोमीटरच्या एकसारख्या हवेला वायुराशी म्हणतात. आपल्याकडे मुख्यतः तीन ठिकाणची हवा येते. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून दमट हवा, हिवाळ्यात राजस्थान-पंजाबकडून कोरडी व गार हवा, आणि परतीच्या काळात बंगालच्या उपसागरावरून पूर्वेची दमट हवा. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारी कोरडी तप्त हवा ही चौथी म्हणा.

दोन वेगळ्या वायुराशी समोरासमोर आल्या की त्या लगेच मिसळत नाहीत. त्यांच्या मधल्या सीमेला आघाडी म्हणतात. (आघाडी म्हटले की आपल्या लोकांना निवडणूक आठवते, पण हा शब्द रणांगणावरचा आहे.) पहिले महायुद्ध संपता संपता नॉर्वेच्या बर्गेन शहरात व्हिल्हेल्म बर्कनेस, त्यांचे चिरंजीव याकोब आणि त्यांचे सहकारी हवेचे नकाशे अभ्यासत होते. दोन हवांची झुंज त्यांना दोन सैन्यांच्या आघाडीसारखी दिसली, म्हणून हे नाव. गार हवा पुढे सरकली तर ती जड असल्याने पाचरीसारखी उष्ण हवेखाली घुसते, तिला झटक्याने वर उचलते आणि गडगडाटी पाऊस पाडून जाते. उष्ण हवा पुढे सरकली तर ती गार हवेच्या पाठीवरून हळूहळू चढते, आणि झिमझिम बराच वेळ चालते. युरोपचा बहुतेक पाऊस या आघाड्यांचा.

शाळेच्या भूगोलात हे वाचून आपली मुले विचारतात, आपल्याकडची आघाडी कोठे? तर अस्सल आघाडी आपल्यापर्यंत क्वचितच पोचते. उष्ण कटिबंधात शेजारच्या दोन हवांच्या तापमानात तेवढा फरकच नसतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी चक्रावात येतात, पण त्यांचा जोर काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडण्यात खर्च होतो. आपल्या वाट्याला त्यांचे शेपूट येते. मात्र फेब्रुवारी ते मे या काळात हे शेपूट वरच्या थरात गार हवा घेऊन आले आणि खालून समुद्राकडची दमट हवा आली, तर महाराष्ट्राच्या डोक्यावर दोघींची गाठ पडते. खाली ऊन, मध्ये बाष्प, वर गारठा. मग ढग भराभर उंच चढतात, वळीव कोसळतो आणि गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीने जो हाहाकार केला, तो अशाच गाठीतून. आपल्याकडची आघाडी म्हणायची तर ती ही. तापमानापेक्षा बाष्पाची.

दाब दूर, पूर जवळ

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मे महिन्यात राजस्थान-सिंधचे वाळवंट तापते आणि तेथे मोठा कमी दाब तयार होतो. तिकडे दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला तेव्हा जास्त दाब असतो. या दोन टोकांमधला उतार म्हणजे आपला मॉन्सून. विषुववृत्त ओलांडून हवा अरबी समुद्रावर येते, उजवीकडे वळते आणि नैऋत्येचा वारा होऊन सह्याद्रीला धडकते. डोंगर तिला चढायला लावतो, म्हणजे जे काम कमी दाब करतो तेच घाट करतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि घाट उतरून फलटणला जावे तर सुमारे पाचशे. घाट उतरणारी हवा पुन्हा दाबून तापते, ढग विरतात. जत-आटपाडी-माणच्या माणसाला जुलैत डोक्यावरून ढग पळताना दिसतात आणि अंगाला फक्त वारा लागतो, याचे कारण हे.

जुलै-ऑगस्टात बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात कमी दाब तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असे पश्चिम-वायव्येला सरकतात. ते आपल्यापासून हजार-बाराशे किलोमीटर दूर. मग त्यांचा आपल्याशी काय संबंध? बाइस बॅलटचा नियम लावून बघा. वारा कमी दाबाभोवती काट्यांच्या उलट फिरतो, म्हणजे त्याच्या दक्षिण अंगाला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्या दक्षिण अंगाला येतो आपण. दूरचा कमी दाब अरबी समुद्रावरचा वारा आपल्याकडे जोराने खेचतो आणि घाटावर बाष्पाची रांग लागते. पाऊस पडतो गगनबावड्याला, महाबळेश्वरला, कोयनेच्या पाणलोटात. २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ऐन आश्लेषात, उत्तर उपसागरात डीप डिप्रेशन होऊन ते ओडिशाच्या उत्तर किनाऱ्याकडे गेले. त्याच दिवसांत घाटावर पाऊस थांबेना आणि कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापूर बुडवले. शेंडा पाण्याखाली राहिलेला ऊस शेंड्यातून कुजला, ते फड आपण पाहिले आहेत. (पुराला धरणांचा विसर्ग, नदीपात्रातली अडथळे ही कारणेही पुढे येतात. तो वाद येथे नको.)

कधी हा कमी दाबाचा आस उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जातो. मग तिकडे पूर आणि आपल्याकडे उघडीप. उघडीप लांबली तर आडसाली लागणीला पाणी द्यावे लागते.

यावरून पूर्व भागातल्या सभासदांसाठी आमचे स्पष्ट मत सांगतो. जुलै-ऑगस्टात “ओडिशात कमी दाब” अशी बातमी आली, तर तिच्या भरवशावर पाण्याची पाळी सोडू नका. तो पाऊस घाटाचा आहे. धरण भरेल, तुमची सरी भिजेलच असे नाही. एक पाळी हुकली की पुढची कॅनॉलच्या मर्जीवर, आणि बांधणीच्या वेळी ताण बसलेला ऊस नंतर कितीही पाणी दिले तरी कांड्यांची लांबी भरून काढत नाही. उलट नदीकाठच्या सभासदांनी त्याच बातमीवर मोटारी, पाइप, खताची पोती वर हलवावीत, चर मोकळे करावेत आणि युरियाचा हप्ता वाफसा येईपर्यंत थांबवावा. एकच बातमी, आणि वीस कोसांवर दोन उलटी कामे.

सप्टेंबरच्या शेवटापासून गणित फिरते. उत्तरेत जमीन निवू लागते, वारे पूर्वेकडे फिरतात आणि उपसागरातले कमी दाब आंध्र-तेलंगणावरून सरळ आपल्याकडे येऊ शकतात. आता घाट आडवा येत नाही. हा पाऊस पहिल्यांदा सोलापूर-जत-पंढरपूरलाच गाठतो. म्हणून दुष्काळी पट्ट्याचा मोठा पाऊस हस्त-उत्तरात. २०२० साली १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ डिप्रेशन किनाऱ्यावर आले आणि दुसऱ्याच दिवशी, चित्रा नक्षत्रात, सोलापूर-पंढरपूर पाण्याखाली गेले, भीमेला पूर आला. पुढे ते अरबी समुद्रात उतरले. तोडणीच्या तोंडावर उभे ऊस लोळले, फडांच्या वाटा चिखल झाल्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरची अशी बातमी सर्वांच्याच कामाची आहे. तोडीपूर्वीचे शेवटचे पाणी द्यायचे असेल आणि उपसागरातला कमी दाब पश्चिमेकडे निघाला असेल, तर दोन-तीन दिवस थांबलेले बरे. काळ्या रानात त्या पाण्यावर पाऊस बसला तर ट्रॉली आठ-दहा दिवस आत जात नाही. टोळी कोपीत बसून राहते, मुकादमाची उचल चढते, आणि कारखान्यात ‘नो केन’ म्हणून गव्हाण थांबते. तुटलेला ऊस फडात पडला तर वजन आणि साखर दोन्ही रोज घटतात. म्हणून पावसाच्या आदल्या दिवशी ‘सगळा तोडून टाका’ हा आग्रह धरू नये. वाहतूक होईल एवढाच तोडावा.

थंडी आणि उतारा

डिसेंबर-जानेवारीत वायव्य भारतावर जास्त दाब बसतो. चक्रावात पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेची कोरडी गार हवा खाली येते. निफाडच्या द्राक्षवाल्यांच्या तोंडचे पाणी पळते, पण उसाला ही हवा मानवते. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारठा, हवा कोरडी. उसाची वाढ थांबते आणि पानांनी केलेली साखर कांड्यात साठू लागते. जानेवारी-फेब्रुवारीत उतारा वर जातो तो यामुळे. त्याच दिवसांत उपसागराकडून पूर्वेचे ढगाळ वारे आठवडाभर राहिले तर रात्री उबदार होतात, ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि उताऱ्याची चढती कमान थबकते. एफआरपी उताऱ्यावर बांधलेली असल्याने हे प्रत्येकाच्या बिलापर्यंत येते. सर्वसाधारण सभेत उताऱ्याविषयी प्रश्न विचारावेत, तो सभासदांचा हक्कच आहे. फक्त विचारताना त्या पंधरवड्याच्या रात्रीच्या तापमानाचे टिपणही समोर ठेवावे. सुरू लागणीला मात्र हीच थंडी मारक, उगवण रेंगाळते. ती थंडी ओसरता ओसरता धरलेली चांगली.

अंदाजाची भाषा

हवामान खात्याचा अंदाज खोटा ठरला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्यातले शब्द आपण नीट वाचलेले नसतात. ‘मध्य महाराष्ट्र’ म्हणजे कोल्हापूरपासून नाशिक-जळगावपर्यंतचा पट्टा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्यातल्या चौथ्या हिश्श्यापर्यंत ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. तुरळक पाऊस सांगितला आणि तुमच्या गावात पडला नाही, तर अंदाज चुकला असे होत नाही. चार गावांपैकी तीन कोरडी राहणार हे त्यात आधीच आले. ‘मुसळधार’ याचेही माप आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे, आणि ११५.५ च्या पुढे गेला तर अतिमुसळधार. डिप्रेशनमध्ये वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर, डीप डिप्रेशनमध्ये ६१ पर्यंत, आणि ६२ झाला की त्याला चक्रीवादळ म्हणून नाव मिळते. बारा-चौदा कांड्यांवर आलेला उंच आडसाली ऊस, पक्की मोठी बांधणी नसेल आणि रान भिजून मऊ असेल, तर लोळवायला चक्रीवादळ लागत नाही. डिप्रेशनचा वारा पुरतो.

नदीकाठच्या व काळ्या रानातल्या सभासदांनी फडापर्यंतची वाट पावसात चालते की नाही, ते आपल्या गटाच्या चिटबॉयकडे दिवाळीपूर्वी नोंदवावे. पूर्वेकडून कमी दाब येत असल्याची पक्की सूचना मिळाली, तर मुरमाड व माळरानाच्या फडांवर टोळ्या वळवून काळ्या रानाचे फड मागे ठेवावे लागतील. नोंदतारखेचा क्रम त्या चार-सहा दिवसांपुरता पुढेमागे होईल. मागे राहिलेल्या फडांना वाफसा आल्याबरोबर टोळी परत दिली जाईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते